मॉन्स्टर हुशारीने लढले तरी खेळाडूंना ते अन्यायाचं वाटू नये, यासाठी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा) नवा, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) तिसऱ्या लेव्हलच्या चौघांची: फायटर (योद्धा), क्लेरिक (बरं करणारा पुरोहित), रॉग (चोरपावलांचा) आणि विझार्ड (जादूगार). काहीही समोर आणलं तरी ते सरळ चालत येऊन फायटरला भिडतं आणि दोन राउंडांत, म्हणजे सगळ्यांच्या दोन-दोन पाळ्यांत, मरतं. शेवटी कंटाळून डीएमने सहा गॉब्लिन (बुटके, चोरटे मॉन्स्टर) झाडीत लपवले आणि सगळ्यांचे बाण विझार्डवर सोडले. विझार्ड पहिल्याच राउंडात पडला आणि त्याचा खेळाडू म्हणाला, ‘तू मुद्दाम माझ्या मागे लागलास.’ आता डीएम विचारतो आहे: मॉन्स्टर साधे खेळवायचे की हुशारीने?

मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. दोन्ही वेळा निर्णय डीएमच्या डोक्यातून आला. आधी लढत सोपी जावी म्हणून, नंतर जड जावी म्हणून. गॉब्लिनला काय हवं होतं आणि त्याला काय दिसत होतं, हा विचार दोन्ही वेळा झालाच नाही. खेळाडूंना हे बरोबर जाणवतं. मॉन्स्टर हुशार आहे याचा त्यांना राग येत नाही. मॉन्स्टरला जे माहीत असण्याचं कारण नाही ते माहीत असल्यासारखं तो वागला, याचा येतो. तो विझार्ड आहे हे गॉब्लिनना कळलं कसं? त्याने अजून एकही मंत्र टाकला नव्हता.

पुढचं सगळं काही अंशी तुमच्या टेबलावर अवलंबून आहे. काही गटांना कठोर, डोकं लावायला लावणाऱ्या लढाया हव्या असतात. काहींना लढाई ही गोष्टीतली एक पायरी असते. पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसमोर मी बरंच काही सौम्य ठेवतो. खाली दिलेले आकडे २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. नव्या पुस्तकांवर खेळत असाल तर आकडे आणि काही नियम बदलतील, पण विचाराची पद्धत तीच राहील.

आधी जरा हिशोब करू, म्हणजे त्या रात्री काय झालं ते स्पष्ट होईल. गॉब्लिनचा हल्ला +४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर आलेल्या आकड्यात ४ मिळवायचे, आणि सरासरी डॅमेज (इजा) ५. ढाल आणि चेनमेलवाल्या फायटरचा एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) १८, म्हणजे फाशावर १४ किंवा जास्त हवेत, शक्यता ३५ टक्के. सहाही गॉब्लिन त्याला भिडले तर एका राउंडात साधारण १०-११ डॅमेज, आणि त्याच्याकडे हिट पॉइंट (शून्यावर आले की पात्र पडतं) २८ च्या आसपास. आता तेच सहा लपून विझार्डवर बाण सोडतात. एसी १२, त्यात लपलेल्याला अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), म्हणजे बाण लागण्याची शक्यता जवळजवळ ८८ टक्के. डॅमेज साधारण २६. विझार्डचे हिट पॉइंट २०. पुस्तकाच्या हिशोबाने मात्र दोन्ही लढती सारख्याच: सहा गॉब्लिनचे ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण), संख्येमुळे दुप्पट धरून ६००, आणि तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मध्यम लढतीचा आकडा नेमका ६०० आहे. मॉन्स्टर किती आणि कोणते हे तो आकडा मोजतो. ते कुठे उभे आहेत आणि कोणावर तुटून पडतात हे मोजत नाही. म्हणून डावपेच बदलताना, आपण लढतीची पातळीच बदलतो आहोत हे लक्षात ठेवून बदलायचे.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक टोळीसाठी सेशनच्या आधी एका कार्डावर चार ओळी लिहायच्या. हिला काय हवं आहे? हिला काय माहीत आहे? ही कशी लढते? ही कधी निघून जाते? तिसऱ्या ओळीचं उत्तर स्टॅट ब्लॉकमध्येच, म्हणजे पुस्तकातल्या त्या मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीतच, असतं. स्टॅट ब्लॉक वाचताना हल्ल्याच्या आधी अंगभूत गुण आणि हालचाल बघा, कारण तो प्राणी कसा लढायला घडला आहे ते तिथे कळतं. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७, पण स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +६, आणि बोनस अॅक्शनने (पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) लपता किंवा डिसएंगेज (फुकट वार न खाता बाजूला होणं) करता येतं. हा समोरासमोर उभं राहण्यासाठी बनलेलाच नाही. त्याला फायटरसमोर उभा करणं म्हणजे धनुर्धाऱ्याला धनुष्य न देता पाठवणं.

तुमचीच लढत या पद्धतीने पुन्हा मांडून बघू. कार्ड असं:

हवं काय: खेचरावरची पोती. माणसं मारण्यात रस नाही.
माहीत काय: चिलखतवाल्याला बाण लागत नाहीत. जादूगार कोण ते माहीत नाही.
लढतात कसे: जोड्यांनी, लपून, लांबून. म्होरक्या ओरडून हुकूम देतो.
निघतात कधी: पोती हाती लागली, दोन जण मेले किंवा म्होरक्या पडला की.

जागा: रस्त्यावर आडवं झाड पडलेलं, एका बाजूला ५० फुटांवर दाट झुडपं, दुसऱ्या बाजूला खोल ओहोळ. झुडपांत दोन जोड्या, दोन्हींमध्ये ५० फूट अंतर. उरलेले दोघे, म्होरक्या धरून, ओहोळात खेचराच्या जवळ. लहान धनुष्याचा साधा पल्ला ८० फूट आहे, त्यामुळे चौघांनाही पुढे यायची गरज नाही.

इथे पहिली चूक स्टेल्थच्या फाशांमध्ये होते. सहा गॉब्लिनसाठी सहा वेगळे फासे टाकलेत तर त्यांतला एक तरी कच्चा पडतोच. समोरच्याची पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकताही असलेली नजर) १२ धरली, तर एका गॉब्लिनला जमण्याची शक्यता ७५ टक्के, पण सहाही जणांना एकाच वेळी जमण्याची फक्त १८ टक्के. आणि एकही धोका ज्याच्या लक्षात आला ते पात्र सरप्राइज होत नाही, म्हणजे बेसावध सापडून पहिली पाळी गमावत नाही. मी अख्ख्या टोळीसाठी एकच फासा टाकतो. उलटंही धोक्याचं आहे: ‘त्यांनी तुम्हाला घेरलंय’ असं फासा न टाकताच जाहीर करू नका. ज्या खेळाडूने परसेप्शनवर खर्च केला आहे त्याचा तो हक्क आहे.

पहिला राउंड. चार बाण. नेम कोणावर? ढाल नसलेल्यांवर, कारण तेवढंच त्यांना दिसतं. क्लेरिककडेही ढाल असेल तर रॉग आणि विझार्ड उरले. चार बाणांसाठी खेळाडूंसमोरच फासा टाकून दोघांत वाटणी करा. विझार्डच्या वाट्याला सरासरी दोन बाण, साधारण ९ डॅमेज. तो घाबरतो, पण उभा राहतो. आकडा सौम्य करायला इथे कुठेही हात आखडता घेतलेला नाही. गॉब्लिनला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच तो वागला. बाण सोडला की त्याची जागा उघड होते, म्हणून तो थोडा सरकून बोनस अॅक्शनने पुन्हा लपायचा प्रयत्न करतो. ओहोळातले दोघे मात्र बाण मारतच नाहीत. ते खेचराकडे धावतात. कोण कशासाठी आलंय हे खेळाडूंना इथेच समजतं.

दुसरा राउंड. विझार्ड स्लीप (झोपवण्याचा मंत्र) टाकतो. ५डी८ (आठ बाजूंचे पाच फासे) म्हणजे सरासरी २२-२३ हिट पॉइंट, ७ प्रमाणे तीन गॉब्लिन झोपवण्याइतके. पण जोड्यांमध्ये ५० फूट आहेत आणि मंत्राची त्रिज्या २० फूट, म्हणून दोनच सापडतात. आता म्होरक्या ओरडतो आणि विझार्डकडे बोट दाखवतो. हे बोट फार महत्त्वाचं आहे. इथून पुढे विझार्ड खरोखर लक्ष्य आहे, पण ते बाण सुटायच्या आधी टेबलावर जाहीर झालं. विझार्डच्या खेळाडूला आडव्या झाडामागे जायला, फायटरला मध्ये उभं राहायला, रॉगला म्होरक्याचा बंदोबस्त करायला वेळ मिळाला. पार्टीत कोणाला गॉब्लिन भाषा येत असेल तर हुकूम शब्दशः ऐकवा; ती भाषा निवडल्याचं त्या खेळाडूला चीज झाल्यासारखं वाटेल. दुसरी जोडी जवळ आली तर एक जण आपली अॅक्शन खर्चून झोपलेल्याला थापड मारून उठवू शकतो. तो एक बाण कमी झाला आणि टोळी जिवंत वाटली.

तिसऱ्या राउंडपर्यंत फायटर झुडपांत पोहोचतो. आता गॉब्लिनसमोर पेच आहे. शत्रू पाच फुटांवर असताना बाण मारला तर डिसअॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा). बोनस अॅक्शन एकच, म्हणजे लपणं किंवा डिसएंगेज, दोन्ही नाही. तो डिसएंगेज करून ३० फूट मागे सरतो आणि बाण मारतो, पण त्या फेरीत लपू शकत नाही. लपणाऱ्या गॉब्लिनवर हाच उतारा आहे: जवळ जा. खेळाडूंना तो सापडला की त्याचं फळ त्यांना लगेच द्या. झुडपं अवघड जमीन धरली असतील तर गॉब्लिनलाही तिथे प्रत्येक फुटाला दोन फूट हालचाल लागते. डीएम हे फायटरसाठी लक्षात ठेवतात आणि गॉब्लिनसाठी विसरतात.

दोन मेले, की बाकीचे जातात. डिसएंगेज बोनस अॅक्शनने, ३० फूट हालचाल, मग अॅक्शनने डॅश करून आणखी ३०. म्हणजे ६० फूट आणि कोणाच्या तलवारीचा फुकट वार नाही. गॉब्लिनना पळणं इतकं स्वस्त आहे की शेवटच्या गॉब्लिनपर्यंत लढणारी टोळी मला कधीच पटत नाही.

बाकीच्या प्राण्यांना हेच लावायचं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं निघतं. लांडग्याची बुद्धी ३, तो डाव आखत नाही. पण वेग ४० फूट, सोबती जवळ असला की अॅडव्हांटेज, आणि चावा बसला तर डीसी ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा ताकदीचा फासा, ११ गाठावे लागतात) चुकल्यावर माणूस खाली पडतो. म्हणून लांडगे घोळक्यात घुसत नाहीत. कडेला जो एकटा आहे त्याच्याभोवती जमतात. खाली पडलेल्याला उठायला निम्मी हालचाल लागते, तोवर दुसरे चावतात. त्यांना हवं असतं मांस, तेही स्वतः जखमी न होता. दोन जबर घाव बसलेला लांडगा निघून जातो. खेचर मारून ओढत नेता आलं तर लढाई तिथेच संपली.

हॉबगॉब्लिन याच्या उलट, शिस्तीचे. सोबती लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत असेल तर त्यांचा वार फेरीत एकदा २डी६ ने वाढतो. म्हणून ते जोडीजोडीने भिडतात आणि जोडी तुटली की आधी जोडी जुळवतात. त्यांची ताकद सगळी रांगेत आहे हे खेळाडूंना कळलं, की जोड्या फोडणं हाच त्यांचा डाव होतो. मला वाटतं डावपेच शिकायला नव्या डीएमने गॉब्लिननंतर हेच घ्यावेत, कारण नियम आणि स्वभाव दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

ऑगरची बुद्धी ५. जवळचा असेल त्याला, किंवा ज्याने शेवटचं दुखवलं त्याला, सोट्याने हाणायचं. सरासरी १३ डॅमेज, त्यामुळे साधा वागूनही तो भीती घालतो. त्याला हुशार करू नका. तो फसतो हीच त्याच्याशी लढण्यातली मजा आहे. झॉम्बी तर सरळ येतात, २० फुटांच्या चालीने, आणि खड्ड्यातही पडतात. मात्र शून्यावर गेल्यावर पुन्हा उभे राहण्याचा सेव्ह करायला विसरू नका, कारण त्यांचा एकमेव डाव तोच आहे.

आता थोडं लक्ष्य निवडण्याबद्दल, कारण भांडणं तिथेच होतात. या खेळात १ हिट पॉइंट उरलेला फायटर पूर्ण ताकदीच्या फायटरइतकाच जोरात वार करतो. म्हणून डॅमेज सगळ्यांत वाटण्यापेक्षा एकावर एकवटणं कितीतरी घातक ठरतं. हाच तुमच्या हातातला सगळ्यात मोठा खटका आहे. हॉबगॉब्लिन हुकमाने एकवटतात, लांडगे उपजत, गॉब्लिन म्होरक्या जिवंत असेपर्यंत, ऑर्क आपापला प्रतिस्पर्धी निवडतात. मॉन्स्टरची संख्या न बदलता फक्त यानेच लढत हलकी किंवा जड करता येते. पण राउंडाच्या मध्येच बदलू नका. पार्टी हरायला लागली म्हणून हॉबगॉब्लिन अचानक विस्कळीत झाले, तर पुढच्या विजयावर खेळाडूंचा विश्वास बसत नाही.

कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता) तोडण्याचंही तसंच. डॅमेज लागला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो. म्हणजे २० डॅमेजच्या एका वारापेक्षा ५-५ चे चार बाण मंत्र तोडायला जास्त उपयोगी, कारण डीसी तोच १० आणि सेव्ह चार. पण हे कोणाला ठाऊक असावं? जो स्वतः मंत्र टाकतो त्याला, किंवा ज्याच्या टोळीत शामन (मांत्रिक) आहे त्याला. लांडग्याला नाही.

पडलेल्या पात्रावर वार करायचा की नाही, हे मोहीम सुरू होतानाच ठरवा आणि खेळाडूंना सांगून टाका. नियम कडक आहे: बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून बसलेला वार आपोआप क्रिटिकल (सर्वात जबर) असतो आणि क्रिटिकल म्हणजे डेथ सेव्हमधली (पडलेल्याच्या जगण्या-मरण्याच्या फाशांतली) दोन अपयशं. दोन वार बसले की पात्र गेलं. मी असं ठरवतो: उभे शत्रू समोर असताना बहुतेक प्राणी पडलेल्याकडे बघत नाहीत. घूलसारखा (प्रेतं खाणारा) भुकेला प्राणी पडलेल्याला ओढून न्यायला बघतो. त्यात मृत्यूची टांगती तलवार राहते आणि वाचवायला एक-दोन राउंड मिळतात. आणि बुद्धिमान शत्रूने क्लेरिकला पडलेला माणूस उठवताना एकदा पाहिलं, तर दुसऱ्यांदा तो संधी देत नाही. ती पहिली वेळ खेळाडूंनी पाहिलेली असते, त्यामुळे दुसरी पटते.

एकंदर, हुशारी एक राउंड आधी दिसली पाहिजे. म्होरक्याचं बोट, ऑगरने सोटा दोन्ही हातांत घेणं, हॉबगॉब्लिनच्या नायकाने शीळ घालणं. तुम्ही वर्णनात दिलेलं हे एक वाक्य खेळाडूंना पुढची चाल आखायला पुरतं. न सांगता आलेला तोच डाव त्यांना डीएमची खोडी वाटतो.

पळून जाण्याची ओळ मी कार्डावर आवर्जून लिहितो, कारण ऐन वेळी ती सुचत नाही. शंका असेल तर फासा वापरा. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२ असा मोरालचा (धीराचा) आकडा होता. टोळीतला पहिला मेला की आणि निम्मे पडले की २डी६ टाकायचे, बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर पळ किंवा शरणागती. सांगाडे आणि झॉम्बींना १२ होते, म्हणजे ते कधीच पळत नसत. पाचव्या आवृत्तीत डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: डीसी १० चा विस्डम सेव्ह. गॉब्लिनचा विस्डम -१, म्हणजे बरोबर निम्मी शक्यता. दोन्ही चालतात. मला कार्डावरची ठोस अट जास्त आवडते, कारण ‘म्होरक्याला आधी पाडा’ हा शोध खेळाडूंना लागू शकतो. फाशामागचं कारण त्यांना दिसत नाही. आणि नकाशावर पळायची वाट काढून ठेवा. एकच दार असलेल्या खोलीत, दारात पार्टी उभी असताना, पळणार कुठून?

नकाशाबद्दल एवढंच: लढत ३० फुटांवर सुरू झाली की पहिल्याच फेरीत सगळे एकमेकांना भिडतात आणि डावपेच संपतात. ६० ते ८० फुटांवर सुरू करा. आडोसा असू द्या, निम्म्या आडोशानेही एसी दोनने वाढतो. चाल मंदावणारं काहीतरी असू द्या, आणि शक्य असेल तर उंचवटा. रिकाम्या चौकोनी खोलीत कितीही हुशार मॉन्स्टरला करण्यासारखं काही उरत नाही.

पुढे कधी ड्रॅगन आणाल तेव्हा नेमकी उलटी अडचण येईल, म्हणून आत्ताच सांगतो. तरुण लाल ड्रॅगनचा उडण्याचा वेग ८० फूट, आगीचा झोत ३० फुटांचा, १६डी६ म्हणजे सरासरी ५६ डॅमेज. तो २५ फुटांवरून झोत सोडून कोणाच्याही तलवारीच्या टप्प्यात न येता वर निघून जाऊ शकतो. झोत परत मिळायला फाशावर ५ किंवा ६ हवेत, म्हणजे दर फेरीला तीनात एक. काटेकोर खेळवलात तर तो घिरट्या घालत राहील आणि ज्यांच्याकडे धनुष्य नाही ते खेळाडू अर्धा तास नुसते बसून राहतील. डाव अचूक, संध्याकाळ वाया. इथे पुन्हा कार्डाच्या पहिल्या ओळीकडे जायचं. त्याला खाली आणणारं काय? कोणीतरी त्याच्या खजिन्याला हात लावला, कोणी त्याचा अपमान केला, गुहेचं छत ४० फुटांवर आहे, अंडी मागच्या कपारीत आहेत. लोभ आणि गर्व हे त्याचे खरे कच्चे दुवे आहेत आणि खेळाडूंनी ते वापरावेत असं त्याच्याबद्दलच्या अफवांतून आधीच कळू द्या.

टेबलावर हे सगळं हाताळायला जड जात असेल तर एका प्रकारच्या मॉन्स्टरना एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) द्या, पण सहापेक्षा जास्त असतील तर दोन गट करा, नाहीतर सगळे बाण सलग सुटतात आणि मध्ये खेळाडूंना काही करता येत नाही. हल्ल्याचा आणि डॅमेजचा फासा एकदमच टाका. चाल ठरवायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर कार्ड बघा आणि त्यावर जे असेल ते करा. थोडीशी चुकीची पण झटपट चाल, विचार करून सापडलेल्या उत्तम चालीपेक्षा लढाईला जास्त जिवंत ठेवते. मॉन्स्टरही गोंधळातच लढत असतात.

पुढच्या सेशनला चारही ओळी जमल्या नाहीत तर निदान पहिली आणि शेवटची लिहा. आणि जे पळाले त्यांची नोंद ठेवा, तीन गॉब्लिन असतील तर तीन. ते घरी जाऊन सांगणार आहेत की या टोळीत एक लांब झग्याचा माणूस हातवारे करून झोपवतो. पुढच्या वेळी त्यांच्या भाईबंदांचा पहिला बाण विझार्डवर सुटेल, आणि त्या वेळी विझार्डच्या खेळाडूला कारण विचारावं लागणार नाही.